वधूपिता तोच, लेखक-जोड्या दोन: एका पटकथेच्या पुनर्लेखनाचा अभ्यास

१९९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत 'फादर ऑफ द ब्राइड' हा १९५० च्या त्याच नावाच्या चित्रपटाचा नवा अवतार प्रदर्शित झाला. श्रेयनामावलीत पटकथेखाली चार नावं येतात: फ्रान्सिस गुडरिच, अल्बर्ट हॅकेट, नॅन्सी मायर्स आणि चार्ल्स शायर. गुडरिच-हॅकेट यांच्यामध्ये अँपरसँडचं (&) चिन्ह आहे, मायर्स-शायर यांच्यामध्येही तेच आहे. दोन जोड्यांच्या मध्ये मात्र अक्षरांत लिहिलेलं 'अँड' आहे. अमेरिकन लेखक संघटनेच्या नियमांत हा फरक महत्त्वाचा असतो. चिन्हाने जोडलेले लेखक एकत्र काम करणारी जोडी असतात आणि श्रेयाच्या हिशेबात ती जोडी एकच लेखक धरली जाते. 'अँड' आला की समजायचं, या दोघांनी वेगवेगळं काम केलंय. इथे त्या एका 'अँड'मध्ये ४१ वर्षांचं अंतर आहे. गुडरिच १९८४ मध्येच वारल्या होत्या, हॅकेट १९९१ मध्ये नव्वदी ओलांडून हयात होते.

लेखक-जोडी कौटुंबिक विनोदी चित्रपट कसा रचते हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला सापडलेलं नाही. गोष्ट एकच आहे: मुलगी लग्न ठरवते, बापाचा तोल जातो, लग्न लागतं. ती दोन जोड्यांनी लिहिली, आणि दोन्ही जोड्या प्रत्यक्षात नवरा-बायको होत्या. त्यामुळे दुसऱ्या जोडीने काय ठेवलं, काय काढलं आणि कुठे नवं घातलं, हे प्रसंगाला प्रसंग लावून पाहता येतं.

मूळ माल

एडवर्ड स्ट्रीटर बँकेत नोकरी करणारा विनोदी लेखक होता. त्याची कादंबरी १९४९ मध्ये आली आणि एमजीएम या चित्रपट कंपनीने पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपट काढला. दिग्दर्शक विन्सेंट मिनेली. वडील स्टॅनली बँक्स म्हणजे स्पेन्सर ट्रेसी, आई एली म्हणजे जोन बेनेट, मुलगी के म्हणजे एलिझाबेथ टेलर. टेलरचं स्वतःचं पहिलं लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झालं आणि पाठोपाठ चित्रपट आला, त्यामुळे प्रसिद्धीची काळजीच उरली नाही. ऑस्करसाठी सर्वोत्कृष्ट चित्रपट, अभिनेता आणि पटकथा अशी तीन नामांकनं मिळाली.

गुडरिच आणि हॅकेट दोघंही मूळचे रंगभूमीवरचे नट. १९३१ मध्ये लग्न झालं. ती त्याच्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठी. १९३४ च्या 'द थिन मॅन'ने त्यांचं नाव झालं. त्या चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइकने त्यांना सांगितलं होतं की रहस्यकथेची फार फिकीर करू नका, नवरा-बायकोच्या बोलण्याचे प्रसंग लिहा. खून कोणी केला हे आज फारसं कुणाला आठवत नाही. निक आणि नोरा या त्यातल्या नवरा-बायकोची जुगलबंदी मात्र आठवते.

त्यांची कामाची रीत या प्रकरणात फार कामाची आहे. दोघं एकच प्रसंग आधी वेगवेगळा लिहायचे. मग कागद बदलायचे, एकमेकांचं वाचायचे, जे बरं उतरलंय ते ठेवायचे, उरलेल्यावर वाद घालायचे आणि पुन्हा लिहायला बसायचे. यात प्रत्येक प्रसंगाचे निदान दोन खर्डे तयार होतात, म्हणजे प्रत्येक भांडण दोन्ही बाजूंनी लिहिलं जातं. एकटा लेखक पात्रांना समान न्याय द्यायचा प्रयत्न करतो, पण त्याचा कल कुठेतरी असतोच. इथे समोरच्या टेबलावर बसलेला माणूस तो कल लगेच पकडतो. कौटुंबिक विनोदाला ही शिस्त फार मानवते, कारण घरातल्या भांडणात खलनायक नसतो. दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात आणि म्हणून तिढा सुटत नाही.

१९९० ची अडचण

आता मायर्स आणि शायर यांच्या टेबलावर काय आलं ते पाहू. १९५० ची के वीस वर्षांची आहे, घरात राहते, आणि लग्न ही तिच्या आयुष्यातली पहिली मोठी घटना आहे. तिने लग्न करू नये असं कुणालाच वाटत नाही. बापालाही नाही. त्याची तक्रार एवढीच की इतक्या लवकर, इतक्या खर्चात आणि या मुलाशी का. तेव्हाच्या प्रेक्षकाला त्यात काही खटकत नव्हतं.

चाळीस वर्षांनी तीच तक्रार तशीच ठेवली तर बाप एक तर हुकूमशहा दिसतो, नाही तर मुलीच्या प्रियकरावर जळणारा माणूस. पहिल्याचा राग येतो, दुसऱ्याची किळस येते. हसू दोन्हीत येत नाही. मुलगी शिकलेली, जग पाहिलेली, स्वतःच्या पायावर उभी राहणारी दाखवायलाच हवी. पण ती जितकी समर्थ होईल तितका बापाचा गोंधळ निराधार ठरतो. पुनर्लेखनाची खरी अडचण ही होती. मोटारी, कपडे, फोन बदलणं सोपं काम आहे, ते कुणीही केलं असतं.

हे काम या जोडीकडे येणं तसं अनपेक्षित होतं. हार्वी मिलर यांच्यासोबत लिहिलेला १९८० चा 'प्रायव्हेट बेंजामिन' आणि १९८७ चा 'बेबी बूम' या दोन्ही त्यांच्या गाजलेल्या पटकथा बाईच्या बाजूने लिहिलेल्या आहेत. दोन्हींत एका बाईचं ठरलेलं आयुष्य उलटंपालटं होतं आणि ती ते स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मांडते. इथे मात्र सगळी गोष्ट बापाच्या तोंडून सांगायची होती. शायर दिग्दर्शक आणि मायर्स निर्मात्यांपैकी एक, त्यामुळे कागदावरचा शब्द सेटवर जाईपर्यंत दोघांच्याही हातात राहिला. दोघंही मुलींचे आईबाप होते. थोरलीचं नाव ॲनी, आणि पटकथेतल्या वधूचं नावही ॲनीच ठेवलं.

काय ठेवलं

आधी त्यांनी न केलेल्या गोष्टी सांगतो, कारण पुनर्लेखनात हात आवरणं हे अर्धं काम आहे. त्यांनी सांगाडा मोडला नाही. दोन्ही चित्रपट शेवटापासून सुरू होतात. लग्न आटोपलंय, घराचा उकिरडा झालाय, बाप खुर्चीत बसून थेट आपल्याशी बोलतोय. ही गुडरिच-हॅकेट यांच्या पटकथेतली सुरुवात नव्या जोडीने जशीच्या तशी उचलली. लग्न होणार की नाही हा प्रश्न पहिल्या मिनिटातच निकालात निघतो. मग प्रेक्षक नवरा-नवरीकडे बघणं सोडतो आणि या माणसाचं पुढे काय होणार याकडे बघायला लागतो. पुढे लग्न मोडायची वेळ येते तेव्हा आपल्याला ते मोडणार नाही हे माहीत असतं, म्हणून आपण बापाच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवतो. हा निर्णय बदलला असता तर चित्रपट नेहमीची प्रेमकथा झाला असता.

पाहुण्यांची यादी, सासरच्यांची भेट, माळ्यावरून काढलेला जुना सूट अंगात न मावणं, शेवटचा फोन, हे सगळं दोन्हीकडे आहे. १९९१ च्या बापाचं नाव जॉर्ज बँक्स (स्टीव्ह मार्टिन) आहे, आणि एका प्रसंगात तो शपथ घेताना पूर्ण नाव उच्चारतो तेव्हा मधलं नाव स्टॅनली असल्याचं कळतं. जुन्या जोडीला केलेला तो नमस्कार आहे.

काढलेल्या गोष्टींत दोन मोठ्या आहेत. पहिली, जुन्या चित्रपटातलं दुःस्वप्न: स्टॅनली चर्चमधून चालतोय, पाय जमिनीत रुततायत, कपडे फाटतायत. दुसरी, साखरपुड्याची मेजवानी. तिथे स्टॅनली स्वयंपाकघरात उभा राहून पाहुण्यांसाठी पेयं बनवत राहतो आणि साखरपुड्याची घोषणा होते तेव्हा तो बाहेर नसतोच. स्वतःच्या घरातल्या मोठ्या क्षणाला यजमानच गैरहजर! हा प्रसंग मला फार आवडतो आणि तो गेला याची हळहळ वाटते. पण त्यातलं बीज त्यांनी टाकून दिलं नाही. ते सगळं शेवटच्या स्वागत समारंभात नेऊन लावलं. त्याविषयी पुढे येईनच.

जेवणाचं टेबल

ॲनी बावीस वर्षांची आहे आणि वास्तुरचनेचं शिक्षण घेतेय. रोममध्ये काही महिने शिकून ती घरी परतते. जेवायला बसल्यावर ती सांगते की एक मुलगा भेटला, तो फार हुशार आहे आणि आम्ही लग्न करतोय. जॉर्जचा चेहरा सुन्न होतो. मग कॅमेरा त्याच्या नजरेतून टेबलापलीकडे बघतो आणि तिथे बावीस वर्षांची ॲनी नसते. सात-आठ वर्षांची मुलगी बसलेली असते आणि तीच तिच्या बालिश आवाजात सांगत असते की रोममध्ये एक माणूस भेटला आणि आम्ही लग्न करतोय.

चित्रपटाची मुख्य अडचण या एका क्लृप्तीने सुटते. बापाचा विरोध कुठल्या विचारातून येत नाही, त्याला दिसतंयच ते हे. त्याने लग्नाविरुद्ध, मुलाविरुद्ध, तिच्या वयाविरुद्ध कितीही युक्तिवाद केले तरी आता आपण ते गंभीरपणे घेत नाही, कारण तो कुणाला बघून बोलतोय हे आपल्याला ठाऊक झालंय. तो हुकूमशहा वाटत नाही. मुलगीही लहान होत नाही, कारण लहानपण तिच्यात नसून त्याच्या डोळ्यांत आहे. जुन्या पटकथेतलं दुःस्वप्न लग्नाच्या समारंभाविषयी होतं, चारचौघांत फजिती होण्याची भीती. नव्या जोडीने ते काढून भीतीचं नेमकं ठिकाण दाखवलं, आणि तेही दिवसाउजेडी, ताटावर.

यानंतर त्याच संध्याकाळचा एक बारीकसा प्रसंग आहे. ॲनी होणाऱ्या नवऱ्याबरोबर, ब्रायनबरोबर बाहेर निघालीय. जॉर्ज म्हणतो, गारठा आहे, जॅकेट घे. ती म्हणते, नको. ब्रायन म्हणतो, गारठा आहे, जॅकेट घे. ती घेते. बस्स. कुणी काही टोमणा मारत नाही, संगीत उसळत नाही. मुलीवरचा अधिकार एका घरातून दुसऱ्या घरात गेला हे सांगायला कुणी पानभर संवाद लिहिले असते. इथे एका कपड्यावर भागलं. विनोदी लेखन शिकणाऱ्याने हा प्रसंग लिहून काढावा आणि त्यातला कुठला शब्द काढता येतो ते पाहावं. मला तरी एकही सापडत नाही.

चार पाव

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, हे कॅलिफोर्नियातल्या जॉर्जलाही चुकलेलं नाही. माणशी २५० डॉलरचं जेवण, १,२०० डॉलरचा केक. केकची किंमत ऐकून तो म्हणतो की माझी पहिली गाडीसुद्धा एवढ्याची नव्हती. पण हा माणूस खेळाचे बूट बनवणाऱ्या कंपनीचा मालक आहे, सॅन मरिनोसारख्या ऐपतदार वस्तीत प्रशस्त घरात राहतो. त्याच्या पैशाच्या रडगाण्यावर प्रेक्षक किती वेळ हसेल? १९५० चा स्टॅनली वकील होता, सुखवस्तू होता, पण खर्चाचा ताण त्याच्या बाबतीत खरा वाटायचा. जॉर्जचा वाटत नाही, आणि लेखकांना ते कळलेलं दिसतं.

म्हणून त्यांनी त्याला सुपरमार्केटमध्ये पाठवलं. घरातल्या लग्नाच्या गोंधळातून पळून तो रात्रीच्या जेवणाचं सामान आणायला जातो. हॉट डॉगची सॉसेजेस आठाच्या पाकिटात मिळतात, पाव बाराच्या. जॉर्ज पाकीट फाडतो आणि चार पाव काढून ठेवायला लागतो. दुकानातला मुलगा विचारतो, काय चाललंय? जॉर्ज समजावतो की सॉसेज कंपनीतला कुणी बडा आणि पाव कंपनीतला कुणी बडा एकत्र बसले आणि त्यांनी अमेरिकन जनतेला लुबाडायचं ठरवलं. मला जे नको त्याचे पैसे मी देणार नाही. प्रकरण वाढतं आणि तो तुरुंगात जातो.

प्रसंगाची बांधणी पाहा. लग्नाचा त्यात उल्लेखही नको होता. हजारो डॉलरच्या बिलांपुढे मान तुकवलेला माणूस चार पावांसाठी प्राण पणाला लावतो, कारण पाव ही एकच जागा उरलीय जिथे त्याचं म्हणणं तर्काला धरून आहे. आठ आणि बारा हे गणित खरंच चुकीचं आहे. प्रेक्षक मनात म्हणतो, बरोबर बोलतोय की हा! आणि पैशाची तक्रार पैशाची नव्हतीच, हे कुणी न सांगता कळतं. सगळं हातातून निसटत असताना माणूस जे मुठीत मावेल ते घट्ट धरतो.

पुढचा प्रसंग तुरुंगात आहे आणि तो बायकोचा आहे. नीना, म्हणजे डायान कीटन, त्याला सोडवायला येते, पण गजाआडून बाहेर काढण्याआधी त्याच्याकडून शपथ वदवून घेते: वयाला शोभेल असं वागेन, लग्नाला किती खर्च येतोय हे येईल त्याला सांगत सुटणार नाही, मी डोळे फिरवले की दर वेळी मुलीच्या आनंदातला एक तुकडा मी काढून घेतो हे लक्षात ठेवेन. आतापर्यंत आपण जॉर्जच्या बाजूने हसत होतो. या शेवटच्या वाक्याला आपणही पकडले जातो. दोन माणसांनी लिहिलेल्या पटकथेचा फायदा मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. पावांचा प्रसंग जॉर्जच्या बाजूचा संपूर्ण युक्तिवाद आहे, तुरुंगाचा प्रसंग समोरच्या बाजूचा. दोन्ही सलग ठेवलेत आणि दुसऱ्याने पहिला खोडलेला नाही. कोणी काय लिहिलं हे शोधण्यात अर्थ नाही, मायर्सने नीनाचं आणि शायरने जॉर्जचं लिहिलं असं समजणं तर भाबडेपणाच होईल. पण कागदावर एकमेकांना अडवणारे दोन आवाज आहेत, हे नक्की.

भांडणाचं कारण

लग्नाआधी मुला-मुलीचं भांडण व्हायला हवं, हा सांगाड्याचा नियम. १९५० मध्ये कारण होतं मधुचंद्र. केचा होणारा नवरा बक्ली याला कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात मासेमारी करायला जायचंय आणि ते ऐकून तिला रडू कोसळतं. गंमत आहे, पण ती कुठल्याही जोडप्याची गंमत आहे. समेटात बापाचा फारसा हातही नाही.

१९९१ मध्ये ब्रायन ॲनीला भेट म्हणून ब्लेंडर देतो. ॲनी लग्नच मोडायला निघते. तिला त्या यंत्रात पन्नासच्या दशकातली बायको दिसते, म्हणजे नेमकी जुन्या चित्रपटातल्या केची पुढची चाळीस वर्षं. नव्या जोडीने या एका वस्तूत दोन चित्रपटांमधला सगळा काळ भरला. वर भांडण मूर्खपणाचंही राहिलं आणि खरंही. ब्रायन बिचारा भला मुलगा आहे, त्याच्या मनात तसं काहीच नव्हतं. पण ॲनीची भीतीही खोटी नाही.

त्याहून मोठी चाल पुढची. जॉर्जला आयती संधी चालून आलीय. लग्न मोडतंय आणि त्याला काहीच करायची गरज नाही. तो ब्रायनला बाहेर घेऊन जातो, मनात हेतू असा की याला आता कायमचा वाटेला लावावा. आणि समोर बसलेल्या पोराच्या डोळ्यांत पाणी बघून त्याच्याच्याने ते होत नाही. तो ॲनीची बाजू मांडायला लागतो: ती भावनेच्या भरात टोकाला जाते, आमच्या घराण्यातच ते आहे, मी तसा, माझी आई तशी, आजोबांच्या तर कथा सांगतात. पण काळजी करू नकोस, पिढीगणिक हे कमी होत जातं. म्हणजे ज्याला लग्न नको होतं त्याच्याच तोंडून लग्न वाचतं, आणि वाचतं ते त्याने स्वतःचा स्वभाव कबूल केल्यामुळे. जुन्या पटकथेत हे नव्हतं. माझ्या मते नव्या जोडीची सगळ्यात मोठी भर हीच आहे.

काय हरवलं

सगळी भर नफ्याचीच झाली असं मात्र नाही. १९५० ची एली लक्षात राहते ती एका गोष्टीसाठी. स्टॅनली म्हणतो, आपण कसं साधंसुधं लग्न केलं, तसंच करू. तेव्हा एली सांगते की चर्चमधलं, पांढऱ्या पोशाखातलं लग्न हे तिचं स्वतःचंही स्वप्न होतं. या खर्चामागे मुलीच्या हौशीइतकीच आईची राहून गेलेली इच्छा आहे, हे त्या एका बोलण्यात उघड होतं आणि स्टॅनलीला गप्प बसावं लागतं. नीना ही एलीपेक्षा खंबीर बाई आहे, स्वतःचा व्यवसाय असलेली, बोलण्यात हजरजबाबी. पण तिला स्वतःला या लग्नाकडून काय हवंय हे पटकथा कधी विचारत नाही. ती कायम शहाणी राहते, आणि कायम शहाणं असणारं पात्र विनोदी चित्रपटात थोडं उपाशी राहतं. बायांच्या बाजूने लिहून नाव कमावलेल्या जोडीकडून हे राहून जावं याचं मला वाईट वाटतं.

सासरच्यांची भेटही जुन्यात सरस होती. तिथे स्टॅनली दोन पेले जास्त घेतो आणि बोलतच सुटतो, मुलीच्या लहानपणापासून सगळं. फजिती जिभेने झालीय. नव्यात जॉर्ज व्याह्यांच्या हवेलीत खोल्यांमधून हिंडतो, बँकेचं पासबुक उघडतो, कुत्री मागे लागतात आणि तो पोहण्याच्या तलावात पडतो. स्टीव्ह मार्टिनच्या अंगविक्षेपांना वाव द्यायचा होता हे कळतं, लोक हसतातही. पण त्यातून माणूस उलगडत नाही.

आणि फ्रँक. जुन्या चित्रपटात लिओ जी. कॅरोलने केलेला केटरर थंड, नाक वर करून बोलणारा होता. नव्यात त्याचा लग्न-संयोजक झाला, अनाकलनीय उच्चारांचा, मार्टिन शॉर्टने उधळून केलेला. तो पडद्यावर आला की चित्रपटात वीज येते हे खरं आहे. पण गंमत बरीचशी त्याच्या बोलण्याच्या ढबीवर उभी आहे. परदेशी उच्चार म्हणजेच विनोद, हे आज पाहताना टोचतं. बी. डी. वाँगसारख्या नटाला त्याचा सहायक म्हणून घेतलंय आणि करायला फारसं काही दिलेलं नाही. ज्या लेखकांनी घरातल्या प्रत्येकाला न्याय दिला त्यांनी घराबाहेरच्यांना सोप्या खुणांवर भागवलं. जुन्या चित्रपटातही तेच होतं: तिथली कृष्णवर्णीय मोलकरीण येते-जाते, तिचं म्हणणं कुणी ऐकत नाही. १९९१ मध्ये मोलकरीण काढून टाकली, सवय मात्र राहिली.

समारंभ

आता त्या बीजाकडे. साखरपुड्याच्या मेजवानीत बापाला घोषणा चुकली होती. १९९१ मध्ये तो प्रसंग नाही, पण शेवटच्या स्वागत समारंभात जॉर्जला सगळंच चुकतं. रस्त्यावर गाड्यांचा खोळंबा झालाय, तो निस्तरायला तोच बाहेर. आत आला तर गर्दीत मुलगी पलीकडच्या टोकाला. तो जेवणाच्या रांगेतून, पाहुण्यांच्या घोळक्यातून वाट काढतो, ती फुलांचा गुच्छ फेकताना लांबून दिसते आणि तो पोचेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. हा सगळा भाग जवळपास संवादाविना आहे. हसवण्याची यंत्रणा तीच, घाईत असलेला माणूस आणि मध्ये येणारी माणसं. फक्त या वेळी आपल्याला तो पोचावा असं मनापासून वाटत असतं. शब्दांवर पकड असलेल्या जोडीने इथे शब्द थांबवले, याचं मोल फार आहे.

मग फोन वाजतो. विमानतळावरून ॲनी बोलते: तुमचा निरोप घेतल्याशिवाय जाववलं नाही. १९५० मध्ये हाच फोन रेल्वे स्टेशनवरून आला होता. वाहन बदललं, बाकी काही नाही. दोन्ही जोड्यांना कळलं होतं की बाप-लेकीची समोरासमोर भेट घडवली असती तर प्रसंग रडारडीचा झाला असता. फोनवर बापाला फक्त ऐकायचं असतं आणि खोलीतला पसारा बघायचा असतो. चार-पाच वाक्यांत काम होतं.

पुढे काय झालं

चित्रपटाने अमेरिकेत सुमारे ८.९ कोटी डॉलर कमावले. १९९५ मध्ये त्याच जोडीने दुसरा भाग केला, तोही गुडरिच-हॅकेट यांनीच लिहिलेल्या, १९५१ मध्ये आलेल्या पुढच्या भागावर बेतलेला. जुन्यात फक्त मुलगी गरोदर होती, नव्यात मुलगी आणि आई एकाच वेळी. कल्पना धमाल आहे, पण जेवणाच्या टेबलावरच्या त्या एका क्षणाइतकी नेमकी अडचण तिथे नव्हती. लेखकांकडे गमती होत्या, प्रश्न नव्हता, आणि ते जाणवतं.

१९९८ मध्ये 'द पॅरेंट ट्रॅप' आला. पुन्हा पुनर्लेखन, पुन्हा तीच श्रेयाची मांडणी: १९६१ च्या चित्रपटाचा लेखक डेव्हिड स्विफ्ट, मग 'अँड', मग मायर्स आणि शायर चिन्हाने जोडलेले. मूळ गोष्ट एरिक केस्टनरच्या १९४९ च्या जर्मन कादंबरीतली. या वेळी दिग्दर्शन मायर्सने केलं, ते तिचं पहिलंच. जुळ्या बहिणींना हॅली आणि ॲनी ही त्यांच्या दोन मुलींची नावं दिली. विभक्त झालेल्या आईबापांना मुली पुन्हा एकत्र आणतात ही ती गोष्ट. पुढच्या वर्षी मायर्स आणि शायर स्वतः विभक्त झाले. त्यानंतर मायर्सने एकटीने लिहून-दिग्दर्शित करून मोठं यश मिळवलं. त्या चित्रपटांतल्या बायका नीनापेक्षा कितीतरी भरलेल्या आहेत, त्यांना काय हवंय हे त्या ठणकावून सांगतात. पुरुष मात्र जॉर्जइतके आतून लिहिलेले मला वाटत नाहीत. शायर डिसेंबर २०२४ मध्ये वारले.

२०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात मायर्सने बँक्स कुटुंबाला व्हिडिओ कॉलवर पुन्हा एकत्र आणलं, मदतनिधीसाठी केलेला छोटा भाग होता तो. आणि २०२२ मध्ये सांगाडा तिसऱ्यांदा वापरला गेला, क्युबन-अमेरिकन कुटुंबात. पटकथा एकट्या मॅट लोपेझची. मुलगी वकील आहे आणि लग्नाची मागणी तिनेच घातलीय, म्हणजे ॲनीच्या ब्लेंडरचा प्रश्न तिथे उरलाच नाही. त्याऐवजी आईबापांचा घटस्फोट ठरलाय आणि लग्न पार पडेपर्यंत तो दोघं लपवतायत. एलीने एका बोलण्यात उघड केलेली आणि नीनाला न मिळालेली जागा इथे पूर्ण पटकथेची झाली: बायकोला काय हवं होतं आणि नवऱ्याने इतकी वर्षं ते का ऐकलं नाही. हसू कमी झालं, पण आईचं म्हणणं पहिल्यांदाच गोष्टीच्या मध्यभागी आलं.